बॅटरीतली महाग वीज कुठे खर्च करावी?

वायर नसलेले ड्रिल किंवा ग्राइंडर घ्यायला माणूस दुकानात जातो तेव्हा साधारण तीन गोष्टी विचारतो: कंपनी कुठली, व्होल्ट किती आणि किंमत किती. कोल्हापूरसारख्या शहरात हे प्रश्न रोज शेकडो वेळा विचारले जात असतील, कारण इथे हत्यारांवर पोट असणारा वर्ग मोठा आहे. शिवाजी उद्यमनगरातले फिटर आणि टर्नर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले देखभाल विभाग, शहरभर फिरणारे सुतार, स्लायडिंग खिडक्या बसवणारे, एसी आणि सोलर पॅनेलचे कारागीर हे सगळे आज या यंत्रांचे गिऱ्हाईक आहेत. पण त्या तीन प्रश्नांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुटते. कॉर्डलेस यंत्र घेणारा माणूस मुख्यतः साठवलेली वीज विकत घेत असतो. यंत्राची बॉडी नीट वापरली तर आठ-दहा वर्षे जाते, पण बॅटरी रोजच्या कामात तीन-चार वर्षांत थकते आणि पुन्हा घ्यावी लागते. म्हणून निवड बॅटरीपासून सुरू व्हायला हवी, आणि तिचे माप वॅट-अवर हे असायला हवे. हे एक माप नीट समजले की कुठले काम वायरशिवाय करावे, कुठले करू नये, किती बॅटऱ्या घ्याव्यात आणि कुठल्या कंपनीच्या घ्याव्यात, या सगळ्यांची उत्तरे त्यातूनच निघत जातात.

हे माप अवघड नाही. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की वॅट-अवर मिळतात. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० वॅट-अवर वीज मावते, म्हणजे विजेच्या बिलातल्या एका युनिटचा अकरावा हिस्सा. करवीर, शिरोळ, हातकणंगले भागातल्या शेतकऱ्याला पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप परिचयाचा असतो. त्यावर बहुधा ‘१२ व्होल्ट, ८ अँपिअर’ असे लिहिलेले असते. नुसता अँपिअरचा आकडा पाहिला तर ही ८ची बॅटरी ड्रिलच्या ५च्या बॅटरीपेक्षा बरीच मोठी वाटते. गुणाकार केला तर पंपाच्या बॅटरीत ९६ वॅट-अवर निघतात, ड्रिलच्या बॅटरीत ९०. वीज जवळपास सारखीच आहे. फरक वजनाचा आहे. पंपातली जुन्या पद्धतीची शिसे-आम्लाची बॅटरी अडीच किलोच्या घरात जाते, तर ड्रिलची लिथियम-आयन बॅटरी साधारण साडेसहाशे ग्रॅमची असते. एकटे व्होल्ट किंवा एकटे अँपिअर पाहून दोन बॅटऱ्यांची तुलना करता येत नाही, हे एवढ्या उदाहरणावरून लक्षात यावे.

बाजारातला सगळा गोंधळ व्होल्टच्या आकड्यात भरला आहे. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो आणि पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. भरल्या भरल्या मोजले तर तीच बॅटरी २१ व्होल्ट दाखवते. अमेरिकेत काही कंपन्या याच पाच सेलांच्या बॅटरीला ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकतात. तिथपर्यंत ठीक आहे, कारण तो आकडा त्या सेलांतून खरोखर निघू शकतो. पण स्वस्त बिननावाच्या संचांवर ४८, ८८, अगदी १२८ असे आकडे छापलेले असतात आणि आत तेच पाच सेल असतात. ८८ व्होल्ट खरोखर हवे असतील तर चोवीस-पंचवीस सेल एकापुढे एक लावावे लागतील, आणि ते त्या मुठीएवढ्या डबीत मावणारच नाहीत. हा आकडा गिऱ्हाइकाला फसवण्यासाठीच छापलेला असतो, त्याला दुसरा अर्थ नाही.

फसवणूक ओळखायला मीटर लागत नाही, वजनकाटा पुरतो. या बॅटऱ्यांत प्रामुख्याने दोन मापांचे सेल येतात. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि यंत्राला लागणारा जोर देणाऱ्या प्रकारात त्यात २ ते ३ अँपिअर-अवर मावतात. २१ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर लांबीचा सेल सत्तर ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यात ४ अँपिअर-अवर येतात. १८ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे लहान मापाचे दहा सेल. नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर जातात, त्यात डबी आणि पट्ट्यांचे वजन मिळवा. ‘१० अँपिअर’ लिहिलेली बॅटरी काट्यावर चारशे ग्रॅम भरत असेल तर आत पाचच सेल आहेत आणि लेबल खोटे आहे. वजनाला फसवता येत नाही. याच्या जोडीला लेबलवर वॅट-अवरचा आकडा शोधावा. लिथियम बॅटऱ्यांच्या वाहतुकीच्या नियमांमुळे जबाबदार उत्पादक तो छापतातच. भारतात असे सेल आणि बॅटऱ्या आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदवणे सक्तीचे आहे, त्यामुळे बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांकही लेबलवर दिसायला हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर टाकून दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो.

आता मुख्य हिशेब. समजा ५ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी ६,००० रुपयांना पडली आणि तिने ५०० वेळा पूर्ण भरून रिकामे होण्याइतके आयुष्य दिले. म्हणजे आयुष्यभरात तिच्यातून ४५ युनिट वीज बाहेर पडली. ६,०००ला ४५ने भागा: एका युनिटला १३३ रुपये. भिंतीवरच्या प्लगमधली वीज युनिटला दहा रुपये धरली, तर बॅटरीतली वीज तिच्या तेरापटीहून महाग झाली. चार्जिंगला लागणारी वीज यात धरलेलीच नाही, कारण एकदा भरायला जेमतेम रुपयाची वीज लागते. खरा खर्च बॅटरीच्या झिजण्याचा आहे, दर चार्जिंगला बारा रुपये. किंमत आणि आयुष्याचे आकडे प्रत्येकाने आपापल्या बाजारभावाने बदलून पाहावेत. उत्तर थोडे वर-खाली होईल, पण बॅटरीतली वीज महाग ठरेल हे नक्की.

वीज एवढी महाग असेल तर कॉर्डलेस यंत्र घ्यावेच कशाला, असा आक्षेप इथे रास्तपणे येतो. त्याचे उत्तर कामागणिक बदलते. लाकडात दोन इंची स्क्रू बसवायला, मोटरमधली गळती धरून, साधारण सहाशे-सातशे ज्यूल ऊर्जा लागते. ९० वॅट-अवर म्हणजे ३,२४,००० ज्यूल. एका भरलेल्या बॅटरीत साडेचारशेच्या आसपास स्क्रू बसतात. झीज आणि चार्जिंगची वीज मिळून तेरा रुपयांना साडेचारशे स्क्रू, म्हणजे स्क्रूला तीन पैसेही पडत नाहीत. मॉड्युलर किचन बसवणाऱ्या सुताराचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढण्यात, प्लग शोधण्यात आणि वायर पायाखालून बाजूला करण्यात जाणारा वेळ याच्या कितीतरी पट महाग असतो. तिथे कॉर्डलेस न वापरणे हाच तोटा. ग्राइंडरची गोष्ट अगदी उलटी आहे. चार इंची ग्राइंडर साधारण ७०० वॅट ओढतो. ९० वॅट-अवरला ७००ने भागले की पावणेआठ मिनिटे येतात. ब्रशलेस मोटर कमी वीज वाया घालवते म्हणून नऊ-दहा मिनिटे धरू. म्हणजे सलग तासभर ग्राइंडिंग करायला सहा-सात बॅटऱ्या आणि ऐंशी रुपयांच्या आसपास खर्च. वायरच्या ग्राइंडरला त्याच तासाला सात रुपयांची वीज पुरते.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत हा फरक किती जड जाईल ते पाहा. कास्टिंग थंड झाल्यावर त्याचे रनर, रायझर आणि कडेचा जादा धातू काढून ते साफ करण्याच्या कामाला फेटलिंग म्हणतात, आणि ते दिवसभर चालते. एका कामगाराचे प्रत्यक्ष ग्राइंडिंग दिवसाला पाच तास धरले तर बॅटरीचा खर्च चारशे रुपये आणि वायरचा पस्तीस. महिन्याच्या पंचवीस दिवसांत दहा हजारांच्या समोर नऊशे उभे राहतात. शिवाय पाळीत तीस-पस्तीस वेळा बॅटरी बदलावी लागेल. एक बॅटरी दहा मिनिटांत रिकामी होते, ती थंड होऊन भरायला पाऊण-एक तास लागतो, म्हणजे एका ग्राइंडरमागे सहा बॅटऱ्या फिरत्या ठेवाव्या लागतील. फेटलिंगच्या जागेवर वायरचा किंवा हवेवर चालणारा ग्राइंडरच हवा. आधुनिक दिसावे म्हणून तिथे बॅटरी आणणे म्हणजे पैसे धुळीत घालणे आहे.

आणि तरीही ग्राइंडरचेच असे एक काम आहे जिथे महाग वीज आनंदाने खर्च करावी. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की उन्हाळ्यात देखभालीची कामे निघतात. पॅन, इव्हॅपोरेटर, टाक्या यांच्या पोटात शिरून माणसे काम करतात. चारही बाजूंनी लोखंड, अंग घामाने ओले, आणि हातात २३० व्होल्टची वायर. वायरचे आवरण एका ठिकाणी फाटले तरी जीव जाऊ शकतो. म्हणूनच अशा पोकळीत दिव्यालासुद्धा २४ व्होल्टचा पुरवठा देण्याची पद्धत आहे. १८ व्होल्टच्या बॅटरीने हा विजेच्या धक्क्याचा धोका जवळपास संपतो. ठिणग्यांचा आणि कोंडलेल्या वायूचा धोका मात्र तसाच राहतो, त्यासाठीची परवानगी आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था वेगळी करावीच लागते. पावसाळ्यात लोखंडी पराचीवर, पत्र्याच्या छपरावर, सोलरच्या सांगाड्यावर काम करणाऱ्यालाही हाच युक्तिवाद लागू आहे. माणसाच्या जिवापुढे युनिटला १३३ रुपये हा दर काहीच नाही. शेतावरच्या गोठ्याला किंवा शेडला जिथे वीज ठरावीक तासच असते, तिथेही बॅटरी स्वतःचे पैसे फेडते.

हल्ली ३६, ४० आणि ५४ व्होल्टची मोठी यंत्रे आली आहेत, त्यांनी हा हिशेब मोडीत निघाला, असे विक्रेते सांगतात. या यंत्रांचा जोर खरोखर जास्त आहे, ते मान्य करायला हवे. व्होल्ट वाढले की तेवढ्याच शक्तीसाठी कमी करंट पुरतो, वायरिंग आणि सेल कमी तापतात, आणि मोठा ग्राइंडर किंवा चिपिंग हॅमर चालवता येतो. पण जोर आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५४ व्होल्टच्या ३ अँपिअर-अवर बॅटरीत १६२ वॅट-अवर असतात. ९०० वॅटच्या कामाला ते अकरा मिनिटांच्या आत संपतात. बॅटरी जड होते, किंमतही वाढते, आणि दर युनिटचा खर्च आहे तिथेच राहतो. तुरळक पण जोराच्या कामाला ती उत्तम. दिवसभराच्या कामाला प्लगच बरा.

एकाच व्होल्टच्या लहान आणि मोठ्या बॅटरीतला फरक केवळ चालण्याच्या वेळेचा नसतो, हे बरेच कारागीर अनुभवाने जाणतात, कारण मात्र क्वचित सांगितले जाते. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत अडथळा असतो. तो २० मिलिओहम धरला तर पाच सेलांचा १०० मिलिओहम होतो. ग्राइंडरने ३० अँपिअर ओढले की त्या अडथळ्यातच ३ व्होल्ट खर्च होतात, मोटरपर्यंत १५ पोचतात आणि उरलेल्याची उष्णता होऊन बॅटरी तापते. दहा सेलांच्या बॅटरीत दोन-दोन सेल शेजारी जोडलेले असतात, अडथळा निम्मा होतो आणि दीड व्होल्टच गळतात. म्हणून ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, मोठा इम्पॅक्ट रेंच यांना दहा सेलांचीच बॅटरी लावावी. २ अँपिअर-अवरची लहान बॅटरी अशा यंत्रात घालणाऱ्याला यंत्र कमजोर वाटते आणि बॅटरीही लवकर मरते. पण डोक्याच्या वर हात धरून दिवसभर फॉल्स सीलिंगचे स्क्रू मारणाऱ्याला ती लहान बॅटरीच द्यावी. अडीचशे-तीनशे ग्रॅम कमी झालेले त्याचा खांदा संध्याकाळी सांगेल.

मोठ्या कंपन्यांच्या बॅटरीचा खाचा एकमेकांत बसत नाही. बॉश, मकिता, डिवॉल्ट, हायकोकी प्रत्येकाचा वेगळा. पहिल्या खरेदीत दोन बॅटऱ्या आणि चार्जर आला की पुढची यंत्रे नुसती बॉडी घेऊन स्वस्तात मिळतात, आणि माणूस त्या कंपनीशी बांधला जातो. हे बंधन गिऱ्हाइकाच्या हिताचे नाही. मेटाबोने २०१८मध्ये काही कंपन्यांना एकत्र आणून सामाईक बॅटरीची आघाडी उभी केली, पण सर्व उद्योगासाठी एकच खाचा अजून दूर आहे. तोवर पहिले यंत्र घेतानाच पुढच्या पाच यंत्रांचा विचार करणे एवढेच आपल्या हातात आहे. त्या कंपनीकडे आपल्याला लागणारा रेंच, जिगसॉ, ब्लोअर आहे का? सुटी बॅटरी आणि स्विच कोल्हापुरात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो? दुरुस्तीला यंत्र किती दिवस अडकते? हातावर पोट असणाऱ्यासाठी आठ दिवस बंद पडलेले उत्तम यंत्र जवळच दुरुस्त होणाऱ्या मध्यम यंत्रापेक्षा महाग ठरते. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याच्या यंत्राला लावणारे प्लास्टिकचे अॅडॉप्टर मिळतात, त्यापासून सावध राहावे. सेल ठरावीक पातळीखाली जाऊ नयेत म्हणून वीज तोडणारी व्यवस्था काही कंपन्या बॅटरीत ठेवतात, काही यंत्रात. चुकीची जोडी जमली तर ही व्यवस्था कुठेच उरत नाही आणि सेल कायमचे खराब होतात.

कोल्हापुरात कुठलीही वस्तू दुरुस्त होते, मग बॅटरीत नवे सेल का भरू नयेत? प्रश्न योग्य आहे, आणि दुरुस्तीची ही संस्कृती या शहराचे बळ आहे. सेल बदलता येतात. पण सगळे सेल एकाच मॉडेलचे, एकाच क्षमतेचे आणि नवे हवेत, पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडायला हवी आणि मूळ संरक्षक सर्किट शाबूत राहायला हवे. सेलवर थेट सोल्डरिंगची उष्णता देणे, जुन्या लॅपटॉपचे सेल भरणे किंवा पाचांतला एकच सेल बदलणे धोक्याचे आहे. लॅपटॉपचा सेल कमी करंटसाठी बनलेला असतो, ग्राइंडरचे ३० अँपिअर तो सोसू शकत नाही. आणि एक सेल नवा, चार जुने असतील तर चार्जिंग करताना ते कधीच एका पातळीवर येत नाहीत. जो कारागीर हे सगळे सांभाळतो आणि कुठले सेल घातले ते बिलावर लिहून देतो, त्याच्याकडे जरूर जावे.

आयुष्य वाढवण्याचे उपाय थोडे आहेत आणि ते उष्णतेभोवती फिरतात. बहुतेक उत्पादक ४० ते ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नका असे सांगतात. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद टेम्पोत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ग्राइंडरमधून काढलेली गरम बॅटरी तशीच चार्जरवर लावू नये, वीस-पंचवीस मिनिटे सावलीत ठेवावी. महिनाभर वापर नसेल तर अर्धी भरून ठेवावी, पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी नको. लोखंडी बुरादा उडतो तिथे बॅटरीच्या तोंडावर टोपण हवेच, कारण बुराद्याने दोन टोके जोडली गेली तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. २०१९ आणि २०२१च्या महापुरांसारखे पुराचे पाणी ज्या बॅटरीत शिरले, ती वाळवून पुन्हा चार्ज करण्याचा मोह टाळावा. आत गंज आणि ओल राहते आणि बिघाड काही दिवसांनी, माणूस शेजारी नसताना होऊ शकतो.

शेवटी मेलेल्या बॅटरीचे काय करायचे, हा प्रश्न कोल्हापूरला इतर शहरांपेक्षा जास्त लागू आहे. इथले भंगार फाउंड्रीच्या भट्टीत जाते. भट्टीत टाकायच्या मालात बंद तोंडाची किंवा ओली वस्तू नसावी, हा ढलाईतला पहिला नियम आहे, कारण वितळलेल्या धातूत ती फुटून धातू अंगावर उडतो. लिथियमचा प्रत्येक सेल म्हणजे अशीच एक बंद पोलादी डबी असते, तीही आत ज्वलनशील द्रव असलेली. केंद्र सरकारने २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा जुनी बॅटरी भंगारवाल्याला चार रुपयांना देऊ नका. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि नवी घ्यायला जाल तेव्हा जुनी विक्रेत्याकडे परत द्या. तो घ्यायला तयार नसेल तर त्या कंपनीच्या सेवाकेंद्राकडे आग्रह धरा.